अ‍ॅप उतरविल्याची हकीकत

श्री चाकधर समर्थ. हवा भरलेली असो, ब्रेक लागता असो.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख वद्य पंचमीस महाराजांची स्वारी बागेत आंबे खावयास निघाली, आणि रस्त्यात मोटारींची दाटी ऐसी की दोन कोस जावयास तिसरा दिवस उजाडला, आणि पोहोचतात तों आंबे नासले. महाराज बहुत कष्टी जाहले. मग प्रधान रंगोपंत यांणी शपथ वाहिली की, "चाळीस दिवसांत रयत सायकलीवर बसवितो, न बसल्यास प्रधानकीची वस्त्रे उतरवून स्वामींचे पायाशी ठेवितो." घरात सात पिढ्यांची प्रधानकी, सबब पंतांस अन्न गोड लागेना. मग त्यांणी कारागीर बसवून अ‍ॅप करविले. ते फोनात राहून सायकलीच्या चाकाचे फेरे मोजील, आणि लक्ष फेरे भरतील त्याचे दारी महाराज जातीने येऊन शेला-पागोटे देतील, ऐसा करार. रयत आळशी, हे जाणोन पंतांनी अ‍ॅप परस्पर सर्वांच्या फोनात घातले, आणि रीत म्हणून दवंडीही पिटविली की, "फोनाचे अ‍ॅप उतरवून घ्या हो, घरोघर उतरवून घ्या."

आता त्या राज्यात उतरविणे म्हणजे दृष्ट उतरविणे, दुसरे ठाऊक नाही. रयतेने ताडले की अ‍ॅप म्हणून काही नवी दृष्ट निघाली आहे, ती फोनास लागते. मग घरोघर मीठमोहऱ्या निघाल्या, आणि फोन एवढासा, त्याभोवती मूठ फिरेना, म्हणोन मीठमोहऱ्या पाटावर ठेवून फोनच त्यांभोवती ओवाळू लागले, आणि अ‍ॅप एकेक ओवाळणी चाकाचा फेरा म्हणोन मोजू लागले.

चाळिसावे दिवशी पंत हर्षभरित हुजुरात आले. "स्वामी, तांबट आळीची चिमाबाई, वय ऐंशी, दोन लक्ष फेरे."

महाराज म्हणाले, "रस्ता पाहिलात काय?"

"आकडा असता रस्ता कशास पाहावा?"

मग स्वारी शेला घेऊन निघाली ती पहिल्याच चौकात अडकली. प्रहर गेला, दुसरा गेला. अखेर चिमाबाईच काठी टेकीत, गुडघे धरीत, मोटारींमधून वाट काढीत रथापाशी आली.

"बाई, एवढी सायकल कशी चालविली?"

"अगबाई, सायकल कुठली, महाराज? जन्मात बसले नाही. दवंडी झाली म्हणून दोन्ही वेळ उतरवतेय. हात भरून आले माझे. पण दृष्ट काही निघेना बघा, रोज नवीनच काहीतरी वाजतं त्यात."

महाराजांनी पंतांकडे पाहिले आणि इतुकेच बोलले, "पंत, आता तुम्ही उतरवा."

पंतांच्या डोळ्यांस पाणी आले. वस्त्रे उतरविली, सरकारी फोन वर ठेविला, आणि घरी जावे तर वाहन हालेना. मग चौकातील पंक्चरवाल्याची सायकल मागून घेऊन, धोतर खोचून, ते मोटारींमधून निघाले आणि घटकेत घरी पोहोचले.

सारांश, चाळीस दिवसांत त्या राज्यात सायकल खरी चालविली ती एका रंगोपंतांनी, आणि फोन जमा केला होता, सबब त्यांचा एकही फेरा लागला नाही. हे लिहिणारा त्याच चौकात सातवे मोटारीत होता. पुढची गाडी हालली, म्हणोन लेखणी ठेविली.