केदारचं प्रकरण

शेजारच्या रेणूचं केदार नावाच्या मुलावर मन बसलंय, असं मी तिच्या वडिलांना सांगितलं. असा मुलगाच नव्हता.

चूक माझीच, पण रेणू धक्के देण्यात पटाईत, हेही सांगायला हवं. नेहरू नगरात घरटी एक पोर डॉक्टरकीच्या परीक्षेला बसलेलं असतं, पण मनगटाची हाडं तबल्याच्या तालात म्हणणारी ही एकटीच. एका मनगटात आठ, दोन्ही मिळून सोळा, "म्हंजे पूरा तीनताल, काका." एकदा तिने माझी नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाली, "काका, तुमी दादऱ्यात चालून राहिले." मी दुसऱ्याच दिवशी हृदय तपासून आलो.

परीक्षेची ही तिची दुसरी खेप. वासुदेवरावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, बजावलं होतं की अभ्यासातून लक्ष उडालेलं दिसलं, तर बाजाची पेटी दुर्गच्या मावशीकडे जाईल.

त्यात परवा मी झाडांना पाणी घालत असताना कुंपणापलीकडे रेणू फोनवर कोणाला तरी सांगत होती, "केदारले सोडवतच नाही. दिवसभर बायो चालते, पन संध्याकाळ झाली का मले केदारच पाहिजे." पाइप माझ्याच चपलांवर वाहत राहिला.

शेजारधर्म म्हणून वासुदेवरावांच्या कानात हळूच सांगावं म्हटलं. रोलिंग मिलच्या नोकरीत त्यांचे कान जवळजवळ गेलेत, हे माहीत असून विसरलो. ते "काय?" म्हणत गेले, मी आवाज चढवत गेलो. चौथ्या वेळी जे ओरडलो, ते कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानेही ऐकलं.

वासुदेवराव पांढरे पडले. आत गेले आणि पेटी चादरीत बांधून ओसरीवर घेऊन आले. तेवढ्यात रेणू क्लासहून आली. गल्ली फाटकाशी जमलेलीच होती.

"बाबा, केदार राग हाये," ती त्यांच्या कानाशी ओरडली.

"तुले कायचा राग? राग मले आला हाये."

तिने गाठ सोडली. त्यांना खाली बसवलं, त्यांचा तळवा पेटीवर ठेवला आणि अगदी खालच्या सुरांत वाजवायला लागली. थोड्या वेळाने त्यांचा अंगठा हलू लागला.

"हे होय?" ते म्हणाले. "हे तर आपलं रोजचंच हाये."

रोज संध्याकाळी अर्धा तास बापलेक असे बसायचे. खर्जातले सूर त्यांना तळहातातून कळतात, म्हणून पोरगी वर जायचीच नाही. नाव तेवढं राहून गेलं होतं. नाव हाताला ऐकू येत नाही. आणि मी वर्षभर समजत होतो, पेटीच्या वरच्या पट्ट्या बिघडल्यात.

वासुदेवरावांनी चादरीची घडी केली. मग आपल्या नेहमीच्या दणदणीत आवाजात, साऱ्या गल्लीदेखत, मला विचारलं,

"भाऊ, माहे कान मिलमधी गेले. तुमचे कुठी गेले?"