निरोगी कमान

केळीवर पर्णगुच्छ नावाचा रोग आल्याची बातमी जेव्हा शासनदरबारी पोचली, तेव्हा शासनाने ताबडतोब रस्त्यावर बांबू आडवा टाकला. हा बांबू जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर, पारोळ्याच्या पुढे होता. त्याला 'वनस्पती आरोग्य तपासणी नाका' असे नाव देण्यात आले आणि तो वरखाली करण्यासाठी झिपरू महाजन यांची निरीक्षक म्हणून नेमणूक झाली.

झिपरूने हे काम मनापासून घेतले. कारणही तसेच होते. एरंडोलजवळ त्याच्या थोरल्या भावाची, कौतिकभाऊची केळीची बाग होती, आणि साऱ्या घराचा संसार त्या बागेवर उभा होता. रोग तिथवर पोचू द्यायचा नाही, असे त्याने ठरवूनच टाकले होते. त्यामुळे एस.टी.च्या टपावरचे घड, वऱ्हाडाच्या बैलगाडीला बांधलेले खांब, सत्यनारायणाची पाने, सगळे तो उतरवून घेई.

एकदा बेबाबाई नावाच्या म्हातारीच्या टोपलीत त्याला केळीचा एक मुनवा, म्हणजे लावणीचा कोंब, सापडला.

"साहेब, लेकना आंगनमा लावाले लई जाई राहिनू," ती म्हणाली.

"परवाना कुठाय?"

"सारा रोग मन्ही टोपलीमाच शे का?"

झिपरूने मुनवा जप्त केला. म्हातारी त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढत पायी पारोळ्याच्या वाटेला लागली. झिपरूला वाईट वाटले. पण भावाची बाग आठवून त्याने मन घट्ट केले.

जप्त माल जाळून टाकायचा असा नियम होता. जाळायला रॉकेल लागते, रॉकेलला मंजुरी लागते, आणि मंजुरी ज्या अधिकाऱ्याने द्यायची त्याची जागा रिकामी होती. तोवर माल नाक्यामागे ठेवला. पाऊस पडला. मुनव्यांनी मंजुरीची वाट पाहिली नाही, ते रुजले. बघता बघता नाक्यामागे शासनाची स्वतःची बाग डोलू लागली. तिच्यातल्या निम्म्या झाडांची पाने शेंड्याशी दाटून गुच्छ झाला होता. नाक्यावर येणाऱ्यांना झिपरू ती बाग दाखवून रोग कसा ओळखावा हे शिकवी.

अशात वरून हुकूम आला. रोग एका जिल्ह्याचा प्रश्न नसल्यामुळे जळगावच्या विश्रामगृहात 'प्रादेशिक सहकार्य परिषद' भरणार होती. धुळ्याचे अधिकारी येणार, सुरतेकडचे येणार, निमाडातले येणार. झिपरूचे मोठे साहेब जीपमधून नाक्यावर उतरले आणि बागेकडे पाहून प्रसन्न झाले.

"स्वागताच्या कमानीला खांब हवे होते. हे तर तयारच आहेत!"

"साहेब, हे रोगट आहेत. जप्तीतले आहेत."

"मग निरोगी झाडं तोडू म्हणता? शेतकऱ्याचं नुकसान करू? कमान निरोगी असावी असं कुठल्या परिपत्रकात आहे ते दाखवा."

असे परिपत्रक खरोखरच नव्हते. झिपरूने खांब उपटून दिले. बुंध्याला मुनवे तसेच लोंबत होते. साहेबांच्या मते त्याने शोभा वाढत होती. कमान उभी करायला झिपरूलाही जळगावला नेले.

परिषद थाटात झाली. रोग जळगावातून धुळ्यात गेला की धुळ्यातून जळगावात आला, यावर सकाळ संपली. दोन्ही जिल्ह्यांचा मान राखण्यासाठी तो बाहेरून आला असे लिहायचे ठरले, तेव्हा सुरतेचे पाहुणे रुसले. मग 'रोग वरून आला' असा शब्दप्रयोग सुचवला गेला. त्यावर अध्यक्षांनी चष्मा काढून सुचवणाऱ्याकडे पाहिले. अखेर 'रोग आपोआप उद्भवला' या वाक्यावर सर्वांचे एकमत झाले, आणि मंडळी वांग्याचे भरीत, पुऱ्या आणि शिकरण यांकडे वळली.

जेवून बाहेर आल्यावर पाहुण्यांचे लक्ष कमानीकडे गेले.

"जळगावची केळी म्हणजे काय बोलावं! दोन मुनवे मिळतील का हो, बंगल्यापुढे लावायला?"

साहेबांनी मान डोलावली, आणि ड्रायव्हर मुनवे तोडून जीपमध्ये भरू लागले. झिपरू जीपपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, परवान्याशिवाय एकही मुनवा जाता कामा नये."

"परवाना कोण देतं?"

"आपणच."

"मग दिला," साहेब म्हणाले आणि जीपच्या बॉनेटवर टेकून त्यांनी सगळ्यांना 'निरोगी' असे लिहून दिले. जीपा चारी दिशांना निघाल्या. नाक्यावर झिपरूच्या बदली बसवलेल्या माणसाने बांबू वर केला आणि सलामही ठोकला.

झिपरू मिळेल ती एस.टी. पकडून एरंडोलला उतरला. निदान भावाला सावध करू, रस्त्यालगतच्या बांधावर नजर ठेवायला सांगू, एवढेच त्याच्या मनात होते. कौतिकभाऊ बागेतच होता. गुडघाभर चिखलात उभा राहून तो नुकत्याच लावलेल्या दोन मुनव्यांना पाणी घालत होता.

"हे कुठले?" झिपरूने विचारले.

"मोठा साहेब पद्मालयले गणपतीना दर्शनले चालना व्हता. तुन्हा भाऊ म्हनीसन जीप थांबाडी, सोता दोन मुनवा दिन्हात! सरकारी माल शे. परवाना बी शे."

झिपरूने कुदळ उचलली. कौतिकभाऊने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"नाक्यावर तू साहेब. आठे बागमा तू मन्हा धाकला भाऊ."

पुढच्या पावसाळ्यापर्यंत कौतिकभाऊची बाग गुच्छ होऊन बसली. धुळ्यात, सुरतेकडे, निमाडात, सगळीकडे तोच प्रकार झाला. सर्व प्रदेशात वनस्पतींच्या आरोग्याची पातळी एकसमान झाल्याबद्दल परिषदेने समाधान व्यक्त केले, आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंना फरक न उरल्यामुळे नाका बंद झाला. कौतिकभाऊने बाग मोडून ज्वारी पेरली. भावाशी तो वर्षभर बोलला नाही. त्याच्या मते नाक्यावरच्या माणसाने लक्ष ठेवायला हवे होते.

झिपरू आता पिंप्राळ्यात राहतो. ही हकीगत तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, आणि माणसे पोट धरून हसतात, साहेबांना नावे ठेवतात. मग उठताना दारातल्या मोगऱ्यापाशी थांबून म्हणतात, "एक फांदी देता का? ओल्या फडक्यात गुंडाळून नेतो."

तुम्ही मात्र कुणाकडे अशी फांदी कधी मागितली नसेल. घरमालक चहा आणायला आत गेला, की मागायची गरजच काय?