पुढच्या रविवारची रंगीत तालीम

विमान कंपनीचा तिसरा निरोप आला तेव्हा शिट्टीसाहेब शर्टाला इस्त्री करत होते. फोन टुणकन वाजला. साहेबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, निरोप वाचला, विश्वास बसेना म्हणून पुन्हा वाचला. तेवढ्या वेळात शर्टाच्या खिशाने राम म्हटला होता.

"आता किती वाजता?" जळका वास येताच बाईंनी आतूनच विचारलं.

"अकरा पस्तीस."

"परवा तर नऊ वीस होतं!"

"आणि त्याआधी सव्वादोन. 'आपल्या सोयीसाठी वेळ बदलण्यात आली आहे' म्हणे."

"आपल्या सोयीची आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त काळजी. आता ती इस्त्री उचला, नाहीतर टेबलही जाईल."

शिट्टीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका साबणाच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते शिट्टी फुंकत आणि चारशे माणसं कामं टाकून मैदानात रांगेने उभी राहत. आग मात्र बावीस वर्षांत एकदाही लागली नव्हती. साहेबांच्या मते ती तालमींना घाबरून लागत नव्हती. बाई शाळेत शिकवत असल्याने त्यांना विद्यार्थ्यांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळेच बाई म्हणत, आणि लग्नानंतर पाचव्या वर्षी साहेबही म्हणू लागले होते.

सहल ठरली होती ती साहेबांच्या आईसाठी. आईची थोरली बहीण, म्हणजे मावशी, लांबच्या डोंगरी गावात राहायची. ती ऐंशीला टेकलेली, आई शहात्तरची. दोघींची गाठ पडून नऊ वर्षं झाली होती. एका वर्षी साहेबांची बढती आडवी आली, मग कन्येची परीक्षा, मग मावशीचा मोतीबिंदू. प्रत्येक वेळी 'पुढच्या वर्षी नक्की' असं ठरायचं आणि ते वर्ष मागचं होऊन जायचं. रस्त्याने दोन दिवस लागत आणि आईच्या गुडघ्यांना दोन तासही झेपत नव्हते. राहता राहिलं विमान. तिकडे जाणारी स्वस्तातली एकच कंपनी होती. ती विमानं उडवण्यापेक्षा निरोप जास्त पाठवते, असा तिचा लौकिक होता.

संध्याकाळी घरची बैठक बसली.

"तिकिटं बदला," बाई म्हणाल्या. "त्या मोठ्या कंपनीची काढा. चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत."

"त्यांच्याकडे सहा आठवडे जागा नाही, आई," कॉलेजात शिकणारी कन्या फोनवर बोट फिरवत म्हणाली. "तोपर्यंत तुझी शाळा सुरू होईल आणि माझं कॉलेजही."

"मग आपली आहेत तीच ठेवायची? आणि ऐन वेळी विमान रद्द झालं तर? आईंना घेऊन दिवसभर तिथे बाकड्यावर बसायचं?"

आई इतका वेळ शेंगा सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "माझं एकच म्हणणं आहे. पुढे ढकललं की राहिलंच. आम्ही दोघी काही लोणचं नाही मुरत ठेवायला."

साहेबांना ते फार लागलं. पुढे ढकलण्याचे ते नऊही निर्णय त्यांनीच घेतले होते, आणि प्रत्येक वेळी पूर्ण विचारांती घेतले होते. आता ठेवावीत तर धोका, बदलावीत तर आईचा चेहरा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. साहेब दोन दिवस जेवताना मीठ मागायलाही विसरले.

तिसऱ्या दिवशी ते अंघोळ अर्धवट टाकून बाहेर आले.

"तालीम!" ते म्हणाले.

"कसली?"

"विमानाची! हे विमान दर रविवारी उडतं. आपलं तिकीट पुढच्या रविवारचं. मग या रविवारी आपण सगळं सामान घेऊन, अगदी निघाल्यासारखं निघायचं. घर बंद करायला किती वेळ लागतो, आईला चालायला किती लागतो, सगळं बघायचं. आणि विमान वेळेवर उडतं का ते डोळ्यांनी बघून परत यायचं. उडालं तर तिकिटं ठेवायची. तासाभराच्या वर रखडलं तर बदलायची. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"बाबा," कन्या म्हणाली, "विमानतळावर तालीम करणारं आपलं पहिलंच कुटुंब असेल."

"पहिलं म्हणजे चांगलंच की!" साहेब म्हणाले आणि उरलेली अंघोळ करायला गेले.

बाईंनी आठवडाभर आधी बॅगा भरायला साफ नकार दिला. न्यायचे कपडे अजून धुवायचे होते. पण रिकाम्या बॅगांनी तालीम करणं साहेबांच्या तत्त्वात बसेना. माणशी पंधरा किलोची मर्यादा होती, तेव्हा बॅग पंधरा किलोचीच हवी. मग साहेबांनी गच्चीवरच्या विटा आणल्या. प्रत्येक बॅगेत थोड्या विटा, वर जुनी वर्तमानपत्रं, आणि बाईंच्या बॅगेत भर म्हणून सातवी ब च्या जुन्या उत्तरपत्रिका. काट्यावर तिन्ही बॅगा बरोब्बर पंधरा किलो भरल्या. आईने आपली बॅग मात्र कुणाला हात लावू दिला नाही. "माझं मी बघते," एवढंच ती म्हणाली.

रविवारी सकाळी आठला शिट्टी वाजली. गॅस बंद, नळ बंद, खिडक्या बंद. झाडांना आठवड्याचं पाणी घातलं. किल्ली शेजारच्या विमावाल्यांकडे दिली. "तालीम आहे," साहेबांनी सांगितलं. विमावाल्यांनी मान डोलावली. वीस वर्षांच्या शेजारात त्यांनी साहेबांना प्रश्न विचारणं सोडून दिलं होतं. जिना उतरायला सहा मिनिटं, टॅक्सीत सामान चढवायला चार, असं सगळं वहीत टिपत साहेब विमानतळावर पोहोचले तेव्हा त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. पाहुण्यांचे पास काढून सगळे आत गेले. भिंतीवरच्या फलकावर त्यांचं विमान 'वेळेवर' दिसत होतं.

"बघा!" ते म्हणाले. "उगाच बदनाम करतात लोक."

एवढ्यावर गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तालीम म्हटली की चौकशीची तालीम आलीच. साहेब काउंटरवर गेले आणि तिथल्या मुलीपुढे तिकीट ठेवलं.

"सर, हे पुढच्या रविवारचं आहे."

"हो. आज आम्ही तालमीला आलोय."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. तिचा चेहरा जरा पडला. "सर, पुढच्या रविवारचं विमान रद्द झालंय."

"काय? आम्हाला कुठे कळवलंय?"

"निरोप उद्या येईल."

"मग तुम्ही आज कशाला सांगताय?"

"तुम्ही आज आलात म्हणून."

उत्तर बिनतोड होतं, साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं. मुलीने बरीच बटणं दाबली. यापुढे चार जागा एकत्र मिळत होत्या त्या थेट दोन महिन्यांनी. "किंवा," ती म्हणाली, "आजच्या विमानात मागच्या रांगेत चार आहेत. परतीचं तिकीट आहे तेच राहील. पण काउंटर पंचवीस मिनिटांत बंद होतो."

बावीस वर्षं साहेब आणीबाणीची वाट पाहत होते. ती आली आणि ते नुसतीच वहीची पानं उलटू लागले. आज जायचं? रजा पुढच्या सोमवारपासूनची. कपडे नाहीत. यादी नाही. ते आईपाशी आले. ती खुर्चीवर बॅगेवर हात ठेवून बसली होती.

"काय म्हणते ती मुलगी?"

साहेबांनी सांगितलं.

"मग चला की," आई म्हणाली.

"अगं आई, कसं चला? बॅगांत विटा आहेत!"

"तुमच्या असतील," आई म्हणाली आणि आपल्या बॅगेची चेन ओढली. आत घडी घातलेले कपडे, पंधरा दिवसांची औषधं, जादा चष्मा, आणि मावशी नऊ वर्षांपूर्वी विसरून गेलेला स्टीलचा डबा, झाकणासकट.

"तू खरं सामान आणलंस? तालमीला?"

"नऊ वर्षं तुझे बेत ऐकतेय रे," आई म्हणाली. "म्हटलं, एखाद्या दिवशी चुकून निघालोच तर?"

ती हसत होती. आपली आई दरवेळी अशीच मनातल्या मनात बॅग भरून बसत असेल आणि आपण दरवेळी ती रिकामी करायला लावली, हे त्यांना एकदम दिसलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई पदर खोचत होत्या. झालं, ठरलं.

सवयीने साहेबांचा हात खिशात गेला आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

सगळा हॉल चिडीचूप झाला. काउंटरपुढची रांग आपोआप दोन पावलं बाजूला सरकली. आणि एक धिप्पाड पहारेकरी धावत आला.

"शिट्टी कुणी मारली? बॅग उघडा!"

साहेबांनी बॅग उघडली. वर्तमानपत्राखालून विटा निघाल्या. पहारेकऱ्याने एक वीट हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली.

"विटा घेऊन कुठे निघालात?"

"मावशीकडे."

"तिथे बांधकाम काढलंय?"

"नाही, वजनासाठी आहेत. पंधरा किलोची मर्यादा आहे ना."

"म्हणजे पंधरापेक्षा जास्त नको म्हणून तुम्ही विटा घालून पंधरा केलेत?"

मोठ्याने म्हटल्यावर ते साहेबांनाही जरा विचित्र वाटलं.

"दादा," बाई पुढे होऊन म्हणाल्या, "तुम्ही पाच मिनिटांत थकलात. मी एकवीस वर्षं संसार करतेय."

पहारेकऱ्याच्या डोळ्यांत खरीखुरी सहानुभूती दाटली. "विटा काढून टाका आणि जा," तो म्हणाला. पण टाकणार कुठे? सफाई कामगाराने कचरापेटीपुढे हात आडवा धरला. बॅगा तिथेच सोडून जाव्यात तर बेवारस सामान सोडणं म्हणजे साहेबांच्या धर्मातलं महापाप. शेवटी विटा रीतसर काट्यावर चढल्या.

"सर," मुलगी भारावून म्हणाली, "इतकं अचूक वजन मी नोकरीत पाहिलं नाही."

पळता पळता साहेबांनी मॅनेजरना फोन लावला. "सर, मला उद्यापासूनच रजा हवीय. आत्ता विमानात बसतोय."

"ही खरी रजा आहे की तालीम?" मॅनेजरनी सावधपणे विचारलं.

"खरी आहे, सर."

"मग घ्या, घ्या! अहो, बावीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही काहीतरी अचानक करताय. कारखाना आम्ही बघतो."

तेवढ्यात बाई एकदम थांबल्या. "अहो! न्यायचे सगळे कपडे मशीनमध्ये ओले पडलेत!" मग विमावाल्यांना फोन झाला. त्यांनी याही वेळी काही विचारलं नाही. फक्त "पांढरे वेगळे वाळत घालू का?" एवढं म्हणाले.

अकरा पस्तीसचं विमान अकरा एकतीसला उडालं. साहेबांनी ते वहीत टिपलं आणि मग वही मिटून आईचा हात धरला. आईने पहिला अर्धा तास डोळे मिटून घेतले आणि उरलेला वेळ खिडकीतून ढगांना नावं ठेवली.

एकच चिंता होती. निघण्याआधी कन्येने मावशीकडे तीनदा फोन लावला होता आणि तीनदा तो नुसताच वाजत राहिला होता. "ती रविवारी कुठे जात नाही रे," उतरताना आई म्हणाली. विटांच्या बॅगा ढकलत सगळे बाहेर आले.

बाहेरच्या दाराशी खुर्चीवर एक म्हातारी काठी टेकून बसली होती. तिच्या मांडीवर वही उघडी होती आणि बाहेर पडणाऱ्या माणसांकडे बघत ती काहीतरी लिहीत होती. कन्येने आधी ओळखलं. "आजी, ती बघ!"

मावशीने मान वर केली. पेन्सिल खाली पडली.

"तू? तू तर पुढच्या रविवारी येणार होतीस ना गं?"

"आणि तू इथे काय करतेयस?"

"मी बघायला आले होते," मावशी म्हणाली. "विमान खरंच येतं का, माणसं कुठल्या दारातून निघतात, बसायला जागा मिळते का. मेलं ऐन वेळी गोंधळ नको. फाटकापासून इथवर नऊ मिनिटं लागतात."

बाईंनी मावशीच्या वहीकडे पाहिलं, साहेबांच्या वहीकडे पाहिलं. "असं होय," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे हे आजोळाकडून आलंय."

आई तोवर मावशीच्या गळ्यात पडली होती. दोघी रडत होत्या, हसत होत्या आणि एकमेकींना 'किती वाळलीस' असं म्हणत होत्या. मग मावशी एकदम बाजूला झाली आणि कावरीबावरी होऊन वहीची पानं उलटू लागली.

"पण घरात काहीच तयारी नाही गं! चादरी नाहीत, गाद्यांना ऊन दिलेलं नाही. मी सगळं पुढच्या रविवारसाठी ठरवलं होतं!"

"मग पुढच्या रविवारी कर," आई म्हणाली. "मी असेनच तिथे."