माहेरचा व्हिसा

एका जंगलात, बाळांनो, रस्ता पोचायच्या आधी इंग्रजी पोचलं होतं.

तिथे एक भेकरी राहायची. तिचं माहेर नदीपलीकडे. पूर आला म्हणून तिचं बाळंतपण सासरीच झालं. तिची आई म्हातारी. तिला काही पाण्यात उतरणं जमेना. नातवाचं तोंड तिने अजून पाहिलं नव्हतं. म्हणून पाणी उतरल्यावर भेकरीनेच पाडसाला घेऊन जायचं ठरवलं.

"बाई गं, अशी कशी जाशील?" शेजारची लांडोर म्हणाली. "नदीवर आता चेकपोस्ट बसलंय. इंग्रजी येत नसेल तर आल्या पावली परत!"

भेकरी घाबरली. ती पानाच्या सळसळीलाही घाबरायची. हे तर इंग्रजी होतं.

तिने पोपटाचा क्लास लावला. पोपट म्हणायचा, "कन्फर्म्ड बुकिंग. रिटर्न तिकीट, नॉन-रिफंडेबल. पर्पज ऑफ व्हिजिट? टुरिझम!" पाडसाला पाजताना, चाटताना, झोपवताना भेकरी हेच घोकायची. पाडस पहिल्यांदा बोललं ते 'आई' नव्हे, 'नॉन-रिफंडेबल'. भेकरीला अगदी भरून आलं.

मग ती नाक्यावर गेली. तिथे गवा बसला होता, तिच्या माहेरच्याच रानातला.

"अगं ताई, तू! माहेरी निघालीस ना?"

आता, त्या जंगलात माहेरवाशिणीला कुणी अडवत नसे. वाघसुद्धा वाट सोडायचा. "हो रे दादा" म्हटलं की झालं. पण एवढं पाठांतर करून नुसतं 'हो' म्हणायचं? तेही मागे रांग उभी असताना?

भेकरीने मान ताठ केली.

"पर्पज ऑफ व्हिजिट, टुरिझम!"

हसू नका, बाळांनो. चारचौघांत आपल्या तोंडून काय निघेल, हे आयांना आधी कुठे माहीत असतं?

गवा सावरून बसला. "टूरिस्ट का? मग हॉटेलचं बुकिंग दाखवा, मॅडम."

"अरे, आईकडे उतरणार आहे मी!"

"टूरिस्ट आईकडे उतरत नाहीत, मॅडम."

"दादा, मी तुझी ताई रे!"

"होतीस गं," गवा हळूच म्हणाला. "पण सगळ्या रांगेनं ऐकलंय. तुला सोडलं तर उद्या प्रत्येक कोल्हा टूरिस्ट म्हणून येईल आणि आईकडे जातो म्हणेल. असं कर, त्या कड्यावर व्ह्यू पॉइंट आहे. टूरिस्टांना फुकट."

भेकरी पाडसाला घेऊन कड्यावर गेली. पलीकडच्या काठावर तिची आई भाकरतुकडा घेऊन उभी होती. डोळे बारीक करून तिने इकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिथूनच तुकडा ओवाळला आणि पाण्यात टाकला.

"ती कोण?" पाडसाने विचारलं.

"आजी."

"तिच्याकडे जायचं?"

"नाही रे राजा. ही नुसती बघायची."

तात्पर्य: आपल्या माणसाने आपल्या भाषेत विचारलं, तरी गाफील राहू नये. उत्तर इंग्रजीतच द्यावं. माहेर काय, लांबूनही छान दिसतं. शिवाय फोटोत सगळं मावतं.