फूटपट्टीसाहेबांच्या रंगीत पेन्सिली

रंगीत पेन्सिली विकत घ्यायला माणसाला असा कितीसा वेळ लागावा? फूटपट्टीसाहेबांना अख्खी सकाळ लागली. (हे नाव ऑफिसातल्या मंडळींनी ठेवलेलं. आपल्याला ते ठाऊकच नाही असं साहेब वर्षानुवर्षं दाखवत आले. पण निरोपसमारंभात भेट म्हणून फूटपट्टीच हातात पडली, तेव्हा तेही जमेना.)

साहेबांनी उभा जन्म नकाशे काढण्यात घालवला होता. घरांचे, पुलांचे, गटारांचेसुद्धा. कडक शिशाची पेन्सिल, सुईसारखं टोक आणि केसाएवढी रेघ, एवढंच ते मानत. मऊ पेन्सिल वापरणारा माणूस आयुष्यात पुढे काहीही करू शकतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

आजच्या खरेदीचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. मध्यंतरी त्यांच्या बायकोला झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. बोलणं परत आलं, पण बोलावंसं वाटणं काही परत आलं नाही. एरवी ही बाई साहेबांनी लावलेला पडदा, चिरलेला कांदा, घातलेला सदरा, कशातही खोट काढायची. परवा साहेब चक्क उलटा सदरा घालून तिच्यासमोर दोनदा फिरले, तरी ती खिडकीबाहेरच बघत राहिली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांना रंगवायला द्या काहीतरी. हाताला चाळा लागेल, मनालाही." म्हणून साहेब दुकानात.

"कोणासाठी हव्यात?" दुकानदारीणबाईंनी विचारलं.

"एक पेटी नातीला, एक बायकोला."

"मग दोन्ही याच न्या. जाड आहेत, मऊ आहेत. नुसता हात फिरवला की रंग उठतो."

"माझी बायको बालवाडीत नाही," साहेब म्हणाले. जाड पेटी त्यांनी नातीपुरती घेतली. बायकोसाठी मात्र दुकानातल्या सगळ्या पेट्या उघडायला लावून, एकेक शिसं नखाने दाबून बघत, सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत कडक अशी महागडी पेटी निवडली. तिच्यासाठी हलकं काही न्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं. (बाईंनी पैसे घेतले आणि साहेब बाहेर पडेपर्यंत हसू दाबून धरलं.)

घरी येऊन त्यांनी तिच्या सगळ्या पेन्सिलींना टोकं काढली. अशी टोकं, की केर काढायला आलेल्या बाईंनी टेबलाला हात लावायचं नाकारलं.

बायकोने रंगवायच्या पुस्तकातलं घर पुढ्यात घेतलं, छपरासाठी लाल पेन्सिल उचलली. बारीक पेन्सिल बोटांतून निसटली. पुन्हा धरली, तर टोक मोडलं. साहेबांनी लगेच नवं काढून दिलं. मग तिने ओठ आवळून कशीबशी रेघ ओढली. कागदावर जे उमटलं ते बघायला साहेबांना चष्मा पुसावा लागला. पुसला, वाकून पाहिलं, आणि ऑफिसातल्या नवख्या पोरांना सांगायचे तेच तोंडातून निघून गेलं.

"अगं, रेषेबाहेर जातंय."

तिने पेन्सिल खाली ठेवली. "उमटतच नाहीये हो. गेला माझा हात." आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. साहेबांना आपली जीभ छाटून टाकावीशी वाटली. ते टेबलावरच्या पेन्सिलींच्या साली गोळा करत राहिले.

दुपारी शाळेतून नात आली. आजीचे रडलेले डोळे पाहून तिने आधी दप्तर टाकलं, मग ती लाल पेन्सिल उचलून कागदावर ओढली.

"आजोबा, कसली आणलीत ही? काही उमटतच नाही!"

आजीने मान वळवली. "तुझीही रेघ नाही उमटत?"

"कोणाचीच नाही उमटणार. ही घे माझी."

नातीने आपली जाड लाल पेन्सिल आजीच्या मुठीत दिली. मूठ हलली. छपरावरून निघालेली लालभडक रेघ धुराड्यावरून थेट आभाळात गेली. आजी त्या रेघेकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं, पण या वेळी ती थांबली नाही. छप्पर, झाड, दारातला कुत्रा, सगळं लाल होत गेलं.

साहेबांचा हात सवयीने पुढे गेला. "आण, जरा टोक काढून देतो."

"हात लावायचा नाही!" दोघी एकदम म्हणाल्या.

"मग मी काय करू?" साहेबांचा आवाज अगदीच बारीक झाला होता.

नातीने विचार केला आणि त्यांच्याच महागड्या पेटीतली पांढरी पेन्सिल त्यांना काढून दिली. "तुम्ही ढग रंगवा."

साहेब पांढऱ्या कागदावरचा पांढरा ढग पांढऱ्या पेन्सिलीने रंगवू लागले. जीभ दातांत धरून, कडा सांभाळून. डोळे भरून आल्यामुळे त्यांना ढग दिसेनासा झाला, पण तो तसाही कोणाला दिसत नव्हता.

बायकोने आपली पेन्सिल थांबवली. मान तिरकी करून त्या कोऱ्या ढगाकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "रेषेबाहेर जातंय."