तिसऱ्या वळणाचे हर्ट्झ

ज्या वस्तूला वायर आहे तिच्याबाबतीत सुमंतराव म्हणतील तेच खरं, हे त्यांच्या धारवाडच्या घरात लग्नानंतर आठवड्याभरातच ठरून गेलं होतं. वीज खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस! मिक्सर बिघडला तरी आधी त्यांचं भाषण व्हायचं, मग दुरुस्ती. त्यामुळे वत्सलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांचं नावसुद्धा काढू दिलं नाही. “दोष डोळ्यांत नाही, मॉनिटरमध्ये आहे,” असं सांगून ते मोकळे झाले.

मॉनिटर कुठून आला मध्येच, असं वाटेल. तर वत्सलाबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि मोटारींच्या शर्यतीच्या गेममध्ये पडल्या. दर रविवारी दुपारी चारला त्या धारवाडात कॉम्प्युटरसमोर बसत आणि त्यांची धाकटी बहीण उत्तरा हुबळीत, लॅमिंग्टन रोडजवळच्या घरात. फोन स्पीकरवर. तीन शर्यती, दोन जिंकेल ती राणी. ज्या बाईंनी आयुष्यात स्कूटीचा वेग कधी तीसच्या वर नेला नाही, त्या इथे दोनशेने गाडी हाणत आणि बहिणीला वाट्टेल ते बोलत. सुमंतराव वर्तमानपत्राआडून ऐकत आणि मनातून फार खूश असत. निवृत्तीनंतर घर गप्प गप्प झालं होतं, ते या रविवारांनी पुन्हा बोलतं केलं होतं.

पण गेले चार रविवार वत्सलाबाई हरत होत्या. तिसरं वळण आलं की डोळे भरून येत, रस्ता वितळायचा आणि गाडी थेट गवतात. त्यावर उत्तरा म्हणाली, “अक्का, वय झालं की गं तुझं.” हे मात्र फार लागलं. या रविवारी हरले तर गेम कायमचा बंद, असं वत्सलाबाईंनी जाहीर केलं, आणि त्या बोलतात ते करतात हा सुमंतरावांचा जुना अनुभव होता.

ते तडक नवा मॉनिटर आणायला हुबळीला गेले. दुकानदार प्रवीणने विचारलं, “किती हर्ट्झचा देऊ, सर?”

सुमंतरावांना हसूच आलं. “पन्नासचा. अख्ख्या देशात पन्नासच हर्ट्झ येतात. तेहतीस वर्षं तेच सांभाळलंय मी.”

प्रवीण सभ्य माणूस. ते विजेचे हर्ट्झ, हे चित्राचे, असं त्याने समजावलं. पडद्यावरचं चित्र सेकंदाला जितक्या वेळा बदलेल तितकी गाडी मऊ पळते आणि डोळ्यांना त्रास कमी. शर्यतीच्या गेमला एकशे चव्वेचाळीस तरी हवेतच. मग त्याने दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावून फरक दाखवला. सुमंतरावांना काडीचा फरक दिसला नाही. पण “दिसतंय की, सर?” असं विचारल्यावर वीज खात्यातला माणूस नाही कसं म्हणणार? त्यांनी मान डोलावली. निघताना प्रवीणने बजावलं, की कॉम्प्युटरमधलं सेटिंग मात्र बदलून घ्या. एकदा कन्नडात, एकदा मराठीत.

घरी सेटिंग उघडलं तर आकड्यांची एक उभी यादी आली, आणि आकडे सगळे मुंग्यांसारखे. सुमंतरावांनी चष्मा पुसला, उपयोग झाला नाही. महिन्यापूर्वी सुभाष रोडवर एकावर एक फुकट म्हणून नवरा-बायकोने एकाच तपकिरी फ्रेमचे दोन चष्मे केले होते, तेव्हापासून त्यांना बारीक अक्षर धड दिसत नव्हतं. फुकटातला आपल्या वाट्याला आला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. आता यादी म्हटली की ती लहानाकडून मोठ्याकडे जाणार, खात्यात तरी तसंच असायचं. म्हणून त्यांनी सगळ्यात खालचा आकडा दाबला.

“बघ आता. लोणी!” ते म्हणाले.

वत्सलाबाईंना पूर्वीसारखंच दिसत होतं, जरा वाईटच. डोळ्यांना सवय व्हायला आठ दिवस लागतात, असं सुमंतरावांनी सांगितलं. शेजारचे बाळकृष्ण वकील बघायला आले आणि काही फरक वाटत नाही म्हणाले. तुमचे डोळे फायलींनी बिघडलेत, असं ऐकून बिचारे चहा न घेताच परत गेले.

रविवार उजाडला. चार वाजले. पहिल्या शर्यतीत तिसरं वळण आलं, डोळे भरले आणि गाडी गवतात गेली. पलीकडे उत्तरा गाणं गुणगुणत होती. वत्सलाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

“पुरे झालं. वयच झालं माझं,” त्या हळूच म्हणाल्या.

हे ऐकून सुमंतरावांना पुढचे दिवस दिसायला लागले. उद्यापासून पुन्हा ते गप्प घर आणि ते वर्तमानपत्र! त्यांचेही डोळे पाणावले. त्यांनीही चष्मा काढून तिथेच ठेवला.

“अक्का, पळालीस काय?” फोनमधून आवाज आला.

वत्सलाबाईंनी हाताला लागला तो चष्मा चढवला आणि एकदम ताठ झाल्या. रस्त्यावरची पांढरी रेघ दिसत होती. कडेच्या झाडांची पानं दिसत होती. तिसरं वळण त्यांनी असं काही घेतलं, की उत्तराचं गाणं मध्येच तुटलं. दुसरी शर्यत जिंकली, तिसरीही जिंकली, आणि बहिणीला त्या जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुमंतरावांनी उरलेला चष्मा उचलून घातला. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचता आली. काय झालं होतं ते त्यांच्या ध्यानात आलं, पण बोलायचं कसं? त्यांनी घाईघाईने मॉनिटरकडे बोट केलं. “म्हटलं नव्हतं? एकशे चव्वेचाळीसची कमाल आहे ही.”

“कुठले एकशे चव्वेचाळीस?” वत्सलाबाईंनी ते सेटिंग उघडलं होतं आणि आता त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. “अहो, इथे तर पन्नास लिहिलंय.”

फोनमध्ये उत्तरासुद्धा कान देऊन होती.

सुमंतरावांनी चष्मा सावकाश वर सरकवला.

“तेच तर त्या प्रवीणला सांगत होतो मी,” ते म्हणाले. “पन्नासच लागतात म्हणून.”