जिनाबंदी

दिवेलागणीला बेल वाजली आणि घड्याळवाले काका खुर्चीतून ताडकन उठले. दार उघडेपर्यंत चपलांचा फटफटाट जिना उतरून गेला होता. काकू गेल्यापासून रोज हेच. काका फाटकापर्यंत शिव्या घालत जायचे, आणि आता उतरलोच आहोत तर म्हणून भाजी घेऊन यायचे. जन्मभर त्यांनी लोकांची बंद घड्याळं चालू केली होती. आता स्वतःच खुर्चीत बंद पडले होते.

त्या दिवशी पायरीवर एक चप्पल सापडली. काकांनी ती सोसायटीच्या सभेत थेट टेबलावर ठेवली.

"हा घ्या पुरावा!"

"आजकालची पोरं!" सेक्रेटरी म्हणाले. "जिन्यातला दिवाही यांनीच फोडला असणार."

"आमचं दूध सारखं नासतं," पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या.

"दुधाचा काय संबंध?"

"संबंध मागाहून बघू. आधी कार्ट्यांना आवरा!"

पोरांना जिनाबंदी झाली. काकांच्या बेलची वायर सेक्रेटरींनी स्वतः कापली, फीत कापावी तशी.

घर शांत झालं. इतकं, की दुपारी काकांचा डोळा लागला तो अंधार पडल्यावरच उघडला. भाजी राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिळा पाव पाण्यात बुडवून खाल्ला, काकूंच्या फोटोकडे पाठ करून.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर सेक्रेटरींचीच दहावीतली लेक, अनवाणी, हातात एक चप्पल.

"काका, जोडीची द्या ना. आई ओरडतेय."

"तू होय ती! लाज नाही वाटत?"

"वाटते ना. रोज वाटायची. पण काकूंना शब्द दिला होता."

काकांनी चौकट धरली.

"आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, माझ्यामागे हे खुर्चीतून उठायचे नाहीत. रोज दिवेलागणीला बेल वाजवा."

"मग पळायचं कशाला?"

"त्याच म्हणाल्या, थांबू नका. हा माणूस प्रेमानं सांगून उठत नाही, रागानं उठतो." ती जरा घुटमळली. "उभ्या संसाराचा अनुभव आहे, म्हणाल्या."

काका हसायला गेले आणि वळून काकूंच्या फोटोकडे बघू लागले.

"आणि सगळे एवढं बोलले, तेव्हा तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही रागावला असतात का?"

काकांनी चप्पल आणली. देण्याआधी उगाचच सदऱ्याला पुसली.

"उद्यापासून घट्ट घालून येत जा," ते गुरकावले.

ती गेल्यावर त्यांनी जुनी हत्यारं काढली आणि वायर जोडली.

दुसऱ्या दिवशी काका पिशवी घेऊन दाराआड उभेच होते. बेल वाजली. हात कडीवर गेला, तसाच थांबला. चपलांचा आवाज पार खाली विरेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग दार उघडून रिकाम्या जिन्यात ओरडले, "कोण आहे रे तिकडे?"

पहिल्या मजल्यावर वहिनी दारात आल्याच. "आली का परत ती कार्टी?"

"आली," काका डोळे पुसत म्हणाले. "अगदी वेळेवर."